बोडिल जाणार नाही

ॲशलंड, १२ नोव्हेंबर २०२३

ब्रिटा,

पाकिटाच्या पाठीवर मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘आत फक्त खेळातला एक नियम विचारला आहे’. म्हणजे तू ते न फोडता परत पाठवणार नाहीस असं वाटलं. तेवढंच विचारते. मग ओवेनला माझ्याकडून एक पापा दे आणि कागद फेकून दे.

मी गॅरेटचा खेळ चालवते. हो, तोच. तलवारी, राक्षस आणि ते वीस बाजूंचे फासे. तू लहानपणी तळघराच्या जिन्याखाली बॅटरी लावून त्याच्यासाठी चालवायचीस तो. आता सूत्रधार मी आहे. हसून घे, मी थांबते.

झालं असं की त्याची गुरुवारची मंडळी पांगली. एक ग्रीन बे शहरात राहायला गेला, एकाला जुळं झालं, आणि तिसऱ्याशी याचं काहीतरी बिनसलं. तरी गुरुवारी संध्याकाळी हा तळघरात टेबल मांडायचा. वर मला फासे गडगडल्याचा आवाज यायचा, बोलण्याचा नाही. काही आठवडे ऐकून घेतलं. मग जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हटलं, “वर ये. मी चालवते तुझा खेळ.”

“आई, ते तुझं काम नाही.”

“तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. मागे पन्नास भुतं आणि पुढे धुकं. तुझे राक्षस काय मोठे लागून गेले?”

आला वर. माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात बसतो, दर रविवारी दुपारी. मी जाडजूड पुस्तक वाचलं, चष्म्याचा नंबर वाढला. तो जग विचारतो, मी सांगते. तो म्हणतो ‘मी दार उघडतो’, मग फासा ठरवतो की दार उघडतं की बोट चेमटतं. पुस्तकात सगळं चार-पाच जणांना धरून लिहिलं आहे. एकटा माणूस दोन लांडग्यांतच संपतो. म्हणून मी त्याला सोबत दिली, बोडिल नावाची खेचरवाली म्हातारी. तिचं बोलणं मी बोलते. ती लढत नाही, फक्त कुरकुरते.

“ही तर तूच,” गॅरेट म्हणाला.

“हिचे गुडघे चांगले आहेत,” मी म्हटलं.

त्याच्या पात्राचं नाव रूक. मोठा लढवय्या. सप्टेंबर, ऑक्टोबर दोन महिने रूकने आणि बोडिलने खिंडीतले लुटारू हाकलले, एका गावाची विहीर शापातून सोडवली. मला मजा यायला लागली होती. भाजी चिरताना मी राक्षसांची नावं शोधायची.

आता नियम. गेल्या काही रविवारांपासून रूक आपल्या वस्तू वाटत सुटला आहे. ढाल लोहाराच्या पोराला दिली. घोडा गिरणीवाल्याच्या विधवेला. गावाने दिलेली अंगठी नदीकाठच्या देवळात ठेवून आला. मी बोडिलच्या तोंडून म्हटलं, “अरे, पुढे डोंगर आहे, घोडा लागेल.” तो म्हणाला, “रूक हलका होऊन जाणार आहे.”

तर पात्र असं सगळं वाटून टाकू शकतं का? सूत्रधाराला त्याला अडवता येतं का? तो लहानपणी असं करायचा का? मला फक्त खेळ नीट समजून घ्यायचा आहे.

बाकी सगळं ठीक. गॅरेट कामावर जातो, पहिलं बर्फ पडून गेलं, त्याचा प्लाऊ, रस्त्यावरचं बर्फ सारायचा ट्रक, तयार आहे. टिली सध्या समोर व्हर्नाकडे असते. व्हर्नाचं अंगण कुत्र्याला बरं पडतं, असं गॅरेट म्हणाला. अंगण आपलंही तेवढंच आहे.

— आई


ॲशलंड, ३ डिसेंबर

ब्रिटा,

तुझं कार्ड आलं. ‘वस्तू पात्राच्या. अडवता येत नाही. त्याला हवंसं वाटेल असं काहीतरी पुढे ठेव. त्याच्याबद्दल मला लिहू नकोस.’

शेवटची ओळ वाचली. तरी लिहिते आहे. या पत्राचा आणि पुढच्याचा राग एकदमच काढ.

तू सांगितलंस तसं केलं. आधी रूकला एक गढी देऊ केली, धान्याची कोठारं भरलेली. त्याने गढी बोडिलच्या भाचीच्या नावावर केली. मला तर ठाऊकही नव्हतं की बोडिलला भाची आहे. मग एक खानावळवाली आणली. देखणी, एकटी, सफरचंदाचा केक अप्रतिम करणारी. तुला हसू येईल, पण मी आरशासमोर तिची वाक्यं म्हणून पाहिली होती. रूक अगदी सभ्यपणे वागला, केकची स्तुती केली आणि उरलेली चांदी तिच्या टेबलावर ठेवून उठला.

“तिला आवडला होतास तू,” मी म्हटलं.

“म्हणूनच,” गॅरेट म्हणाला.

मग गेल्या रविवारी माझ्या हातून जे झालं ते लिहायला मला चार वेळा पेन खाली ठेवावं लागलं आहे. मला वाटलं, हा कोणाचा जीव वाचवायला तरी धावेल. म्हणून मी म्हटलं, गिरणीच्या कालव्यात एक मुलगी पडली आहे.

तोंडातून गेल्यावर कळलं मी काय बोलले ते. ब्रिटा, मी खरंच आंधळी झाले होते. तीन महिने गोष्टी रचत होते, आणि पाणी आणि लेकरू या दोन गोष्टी एकत्र आणताना हात थरथरायला हवा होता तो थरथरला नाही.

गॅरेटचा चेहरा बदलला नाही. तेच भयंकर होतं. त्याने शांतपणे फासा उचलला आणि टाकला. एक पडला. एकाहून वाईट काही नसतं, तुला माहीत आहे.

मी घाईघाईने म्हटलं, “बोडिलने काठी पुढे केली. मुलीने धरली. आली वर, खोकते आहे, ठीक आहे ती.”

तो हसला. चांगलं हसला, दात दिसतील असं. “बघ,” म्हणाला, “बोडिल असली की रूकवाचून काही अडत नाही.”

मी फासे गोळा करून ठेवले.

आता खेळाबाहेरचं सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. गोठलेल्या तलावावर मासे धरायला बर्फात भोक पाडायचं यंत्र त्याने व्हर्नाच्या नवऱ्याला दिलं. बोटीची मोटर कामावरच्या कोणाला तरी दिली. ती मासेमारी तो परत करणार नाही हे मी समजू शकते, पावणेतीन वर्षांत त्याने गोठलेल्या तलावाकडे मान वळवून पाहिलेलं नाही. टिलीसुद्धा दिली. पण बंदूक दिली नाही. आणि ब्रिटा, यंदा हरणाचा हंगाम आला आणि संपला, तो एक दिवसही गेला नाही. बाबा गेले त्या वर्षीही तो गेला होता. बंदूक तळघरातल्या कपाटात आहे आणि किल्ली त्याच्या खिशात.

आणि तो आनंदी आहे. मागची दोन वर्षं हा मुलगा टेबलाशी बसून ताटाकडे बघायचा. आता शीळ घालतो. छपराच्या पन्हळी साफ केल्या. बुधवारी मला हाताला धरून, एकेक पायरी उतरवत, खाली घर गरम ठेवणाऱ्या भट्टीपाशी नेलं, ती बंद पडली तर परत कशी पेटवायची ते दाखवलं, माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

“तू आहेस की,” मी म्हटलं.

“मी प्लाऊवर असेन एखाद्या वेळी.”

“तेव्हा मी कोट घालून बसेन.”

“आई, शीक ना.”

शिकले. खाली वाकले होते, त्यामुळे माझं तोंड त्याला दिसलं नाही.

मी त्याला विचारलेलं नाही. तू म्हणशील, तोंड नव्हतं का. तोंड उघडते, आणि भीती वाटते की जे त्याच्या डोक्यात नाही ते मीच घालीन. शब्द उच्चारला की तो घरात येऊन बसेल असं वाटतं. म्हणून मी पायांचे आवाज ऐकते. तो जिना उतरला की पायऱ्या मोजते, कपाटाचं दार कुरकुरतं का ऐकते. ट्रक वळणावर दिसेपर्यंत खिडकी सोडत नाही. परवा त्याला यायला उशीर झाला, रस्त्यावर एक ट्रेलर आडवा झाला होता म्हणे, आणि मी तेवढ्या वेळात ओट्यावरची सगळी भांडी घासली, स्वच्छ होती ती.

तू काही करावंस म्हणून लिहीत नाही. तुझ्या लेकराला त्याने कुठे नेलं होतं, तू नको म्हणाली असताना, मार्च महिन्यात, पातळ बर्फावर ट्रक घालून, ते मी विसरलेले नाही. ओवेन नळ्या लावलेला पाहिला आहे मी. मी फक्त कोणाला तरी सांगते आहे. व्हर्नाला सांगितलं तर चर्चमध्ये प्रार्थनेच्या यादीत नाव येईल, आणि गॅरेट मग माझ्याशीही बोलायचा नाही.

— आई


ॲशलंड, १२ डिसेंबर

ब्रिटा,

आधी हे वाच: तो जिवंत आहे. डुलुथच्या हॉस्पिटलमध्ये आहे. अंगावर एक ओरखडा नाही.

आता क्रमाने सांगते.

रविवारी जेवणं झाली. मी टेबल पुसलं, पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. त्याच्यामागे सूत्रधाराने आपली टिपणं ठेवायची असतात, खेळणाऱ्याला दिसू नयेत म्हणून. माझ्या हाताच्या घामाने टिपणांची शाई पसरली होती. बाहेर बारीक बर्फ सुरू झालं होतं. त्याने दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता.

“आज कुठे?” मी विचारलं.

“वरच्या पुलापर्यंत जायचं.”

पूल मी मागेच सांगितला होता. दरीवरचा, दोराचा, पलीकडे काय आहे ते मी अजून ठरवलं नव्हतं. रूक आणि बोडिल चढत गेले. मी मध्ये लांडगे घातले, त्याने चार वाक्यांत मारले. गारपीट घातली, त्याने बोडिलवर आपलं पांघरूण टाकलं. मी उशीर करत होते आणि त्याला ते कळत होतं.

पुलाच्या तोंडाशी तो म्हणाला, “रूक इथे बसतो. बोडिलला म्हणतो, तू आता घरी जा.”

मी बोडिलच्या आवाजात म्हटलं, “मी जाणार नाही. माझं खेचर दमलंय.”

“खेचर घेऊन जा. खाली उतार आहे.”

“मला उतार जमत नाही.”

“बोडिल,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही, “तू पुष्कळ केलंस. आता जा.”

“नाही जात.”

“मग फासा टाकतो. तिचं मन वळवायला.”

मी काही म्हणायच्या आत टाकला. फासा साखरेच्या भांड्याला लागून थांबला. वीस. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. वीस पडले की समोरच्याला ऐकावं लागतं, तो नियम त्यानेच मला शिकवला होता. आता मी एवढंच म्हणायचं होतं, ‘बोडिल जाते’. दोन शब्द. तो वाट बघत होता. अगदी मायेने वाट बघत होता.

मी आडोसा उचलून आडवा ठेवला. टिपणं त्याच्यासमोर उघडी पडली.

“गॅरेट,” मी म्हटलं, “तू जीव द्यायचा विचार करतो आहेस का?”

“आई, खेळातलं चाललंय.”

“मी खेळातलं विचारत नाही. तुला विचारते. तू स्वतःला मारायचं ठरवलं आहेस का?”

खाली भट्टी सुरू झाली, तिची घरघर पायाला लागत होती. मला वाटलं, झालं, मी शब्द बोलले, आता उठेल आणि खाली जाईल, आणि मला त्याच्या पुढे जिना उतरता येणार नाही. मी खुर्ची सरकवून जिन्याच्या दारासमोर नेली. त्याने ते पाहिलं.

मग म्हणाला, “हो.”

एवढंच. आणि त्याचे खांदे खाली आले, कोणीतरी वरून धरलेले सोडावेत तसे.

“कधी?”

“तुझा नाताळ खराब करायचा नव्हता. त्याच्या आधी की नंतर, तेच ठरत नव्हतं.”

ब्रिटा, मी ओरडले नाही. कशी नाही, देव जाणे. मी हात पुढे केला आणि म्हटलं, “किल्ली दे.” शाळेच्या बसमध्ये पोरांकडून चाकू आणि गुलेल काढून घ्यायचे त्याच आवाजात. त्याने खिशात हात घातला आणि दिली. किल्ली गरम होती.

मग मी मदतीच्या नंबरवर फोन लावला, तो पोस्टात भिंतीवर लावलेला असतो तो. पलीकडच्या बाईने आधी माझं नावसुद्धा विचारलं नाही. विचारलं, “तो आत्ता तुमच्यासमोर आहे का?” मी म्हटलं, “दोन हातांवर.” ती म्हणाली, “छान. तिथेच राहा.” मी तिला विचारलं, मी विचारून चूक तर नाही ना केली, त्याच्या मनात घातलं तर नाही ना. ती म्हणाली, “नाही. विचारल्याने असं काही मनात जात नाही. उलट ते एकट्याने वाहणं थांबतं.” मग गॅरेट तिच्याशी बोलला. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलला, पण बोलला.

व्हर्नाला बोलावलं. घरातल्या चपलांनीच रस्ता ओलांडून आली. मी किल्ली दिली आणि म्हटलं, “खालच्या कपाटातलं तुमच्याकडे न्या, आणि मला सांगू नका कुठे ठेवलं ते.” तिने एकदा गॅरेटकडे बघितलं, एक प्रश्न विचारला नाही. बाहेर पडताना फक्त त्याला म्हणाली, “टिली रात्रभर दाराशी बसते तुझ्यासाठी. माझी झोप उडवली आहे तिने. तिचं काय करायचं ते बघ लवकर.” मी व्हर्नाबद्दल वाईट बोलले होते. मागे घेते.

रस्ता वाईट होता. बाईने गाडी पाठवायची का विचारलं होतं, गॅरेट म्हणाला, “आई चालवेल.” तर मी चालवली. बर्फ समोरून येत होतं, आणि माझी एक नजर रस्त्यावर, एक त्याच्या बाजूच्या दाराच्या कडीवर. तो कडीला हात लावेल म्हणून नाही. लावेल म्हणूनच, खोटं कशाला बोलू.

ब्रूलच्या पुढे रस्ता नीट साफ केलेला नव्हता. हा इतका वेळ काचेला डोकं टेकून बसलेला, एकदम म्हणाला, “हा कोण मूर्ख आहे? पातं इतकं वर धरून कोणी चालवतं का?”

“तक्रार कर त्याची,” मी म्हटलं.

“करीनच.”

ब्रिटा, तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला असेन.

मग सुपीरियर गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्याने सांगितलं. कोणालाही सांगितलं नव्हतं. तुला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. पण मुलगा तुझा आहे.

बर्फ फुटलं त्या दिवशी त्याने ओवेनला पाण्यातून बर्फावर ओढून काढलं, पोटावर झोपून किनाऱ्याकडे सरकवत नेलं. ओवेनला मध्येच क्षणभर शुद्ध आली. ओठ निळे. त्याने गॅरेटकडे पाहिलं आणि विचारलं, “गॅरमामा, मी काही चुकीचं केलं का?”

आणि परत डोळे मिटले.

“रोज ऐकू येतं,” गॅरेट म्हणाला. “मी उत्तर दिलं नव्हतं, आई. मी ओढत होतो. उत्तर द्यायला वेळ नव्हता.”

मी गाडी कडेला घेतली नाही. घेतली असती तर पुन्हा सुरू करता आली नसती.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतल्या. एवढा मोठा माणूस, नाड्या नसलेले बूट ओढत आत गेला. दार बंद झालं, ते बाहेरून उघडत नाही. मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि इतके दिवस जे थरथरायचं राहिलं होतं ते सगळं तिथे थरथरून घेतलं. एका नर्सने पांघरूण आणून टाकलं, तिला वाटलं मी गारठले.

फोन कर असं म्हणत नाही. वॉर्डातल्या फोनचा नंबर खाली लिहिते आहे. दुपारी ते त्यांना बोलू देतात.

— आई


ॲशलंड, १४ जानेवारी २०२४

ब्रिटा,

तू त्याला केलेल्या फोनबद्दल मला काही सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नसतं. त्यानेच सांगितलं, घरी आल्यावर, बटाटे सोलता सोलता.

म्हणाला, “ब्रिटा आधी नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, ‘तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही माहीत नाही. पण मला तुझ्याशी भांडायचं आहे. खूप भांडायचं आहे. मेलास तर मी कोणाशी भांडू?’”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, बरं.”

“बरं?”

“दुसरं काय म्हणणार? ती बरोबर बोलत होती.”

मग त्याने सांगितलं की तू ओवेनला विचारलंस आणि ओवेनला त्यातलं काही आठवत नाही. बोललेलं आठवत नाही, गॅरेटचा चेहरा आठवत नाही, फक्त आठवतं की कोणीतरी त्याच्या टोपीचा गोंडा धरला होता. मग म्हणे ओवेनने मागून ओरडून विचारलं, “मामा मेलाय का?” आणि तू म्हणालीस, “नाही.” आणि तो म्हणाला, “मग ठीक,” आणि खेळायला गेला. हे सांगताना गॅरेट रडला. बटाट्यांवर रडला. मी ते परत धुतले.

मी तुझे आभार मानणार नाही, तुला ते आवडायचे नाहीत. आणि त्याला माफ कर असंही कधी म्हणणार नाही. ते तुझं आहे. फक्त भांडायचं असेल तेव्हा भांड. उचलेल तो फोन.

तो नाताळच्या दोन दिवस आधी घरी आला. गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्याला पेंग येते. मंगळवारी एका माणसाकडे बोलायला जातो. तो माणूस याच्याहून लहान आहे आणि त्याच्या भिंतीवर मोठा मासा लावलेला आहे, गॅरेट म्हणतो पहिला तास सगळा त्या माशाकडे बघण्यात गेला. प्लाऊवर अजून जात नाही, वर्कशॉपमध्ये बसून पाती घासतो. टिली परत आली. बंदूक व्हर्नाने कुठे ठेवली मला ठाऊक नाही, आणि ती परत येणार नाही.

शीळ थांबली आहे. तो पुन्हा ताटाकडे बघत बसतो. तुला विचित्र वाटेल, पण मला त्या शिळेपेक्षा हे बरं वाटतं. डॉक्टरीण म्हणाली, पुढचे काही महिने जपायचे. हॉस्पिटलमधून आल्यावरचे दिवस सगळ्यात नाजूक. तिने हे सांगायलाच हवं होतं, पण त्यामुळे माझी भीती जिथे उभी होती तिथून फार तर एकच पाऊल मागे सरली आहे. तो न्हाणीघरात वेळ लावतो तेव्हा मी टॉवेल घेऊन दाराशी जाते. परवा आतून म्हणाला, “आई, इथे टॉवेल ठेवायला जागा उरलेली नाही.”

पहिल्या रविवारी मी आडोसा काढला नाही. त्यानेच टेबलाशी बसून विचारलं, “रूक अजून पुलावरच बसला आहे. बोडिल गेली का?”

“नाही.”

“वीस पडले होते.”

“पडू देत. बसली आहे त्याच्या शेजारी. थंडी वाजते आहे तिला, त्यामुळे चिडली आहे.”

“नियमात बसत नाही ते.”

“सूत्रधार मी आहे.”

थोड्या वेळाने म्हणाला, “रूक शेकोटी करतो.” मी विचारलं, फासा टाकायचा का. म्हणाला, “शेकोटीला कशाला फासा?” मग आम्ही थांबलो, त्याला झोप येत होती. पुढच्या रविवारी खेळायचं नाही म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी खेळलो, अर्धा तास. दोघं अजून पुलाच्या अलीकडेच आहेत. तिथे करण्यासारखं फार काही नाही. बोडिल सूप करते आणि ते वाईट होतं.

एक मात्र आम्ही ठरवून घेतलं आहे. रोज सकाळी कॉफी झाली की मी त्याला तो प्रश्न विचारते. गोल गोल नाही. ‘बरं वाटतंय का’ नाही. जसा त्या दिवशी विचारला तसाच. रोज वाटतं की आज सोपं जाईल आणि रोज माझा कप बशीवर वाजतो. तो ‘नाही’ म्हणतो. बहुतेक दिवस ‘नाही’ म्हणतो. गेल्या शुक्रवारी म्हणाला, “आला होता थोडा तो विचार, पहाटे.” मी मदतीचा तो नंबर फिरवला, मग त्याच्या माणसाला फोन केला, आणि आम्ही तिघं, टिली धरून, दिवसभर स्वयंपाकघरात बसलो. मी पत्ते काढले. तो प्रत्येक डाव हरला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही, आणि संध्याकाळी त्याला भूक लागली.

मला यात पुढे काय होईल ते माहीत नाही, ब्रिटा. माहीत आहे असं लिहिलं तर तू लगेच ओळखशील.

आज सकाळी उणे वीस होतं. खिडकीला आतून बर्फ धरलं होतं. मी कॉफी ओतली, समोर बसले, आणि शब्द जुळवत होते. रोजचेच शब्द, पण रोज नव्याने जुळवावे लागतात. तो कपात बघत होता. मी घसा साफ केला, आणि जमेना. पुन्हा केला.

त्याने वर पाहिलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची खूण.

“आई,” म्हणाला, “विचार ना.”

— आई